दर पंधरा मिनिटांनी

तक्त्यात तीन रकाने: झोपलेला, जागा, इतर.
दर पंधरा मिनिटांनी एकात खूण करायची,
आद्याक्षरं टाकायची, पुढच्या दाराशी जायचं.
बावीस वर्षं डुलुथमध्ये शाळेची बस चालवली मी,
गुडघा गेला, म्हणून ही रात्रपाळी.
तेव्हाही मुलंच मोजत होते.
सगळी उतरली की मागच्या सीटपर्यंत जाऊन बघायचं,
कुणी झोपून राहिलं नाही ना.

सहा नंबरमध्ये रोनन सारी. वय पंधरा.
खाणींच्या गावाकडून आणलेला, थंडीच्या तोंडावर.
गॅरेज पेटवलं, विझवायला आलेल्या माणसाला चावला.
बिननाडीचे बूट, फाटू नये अशी जाड रजई,
अंगठ्याएवढी पेन्सिल, तीही मोजून द्यायची, मोजून घ्यायची.
डॉक्टर मंगळवारी येतात, पडद्यावर,
अकरा मिनिटं. त्यातली चार आवाज जुळवण्यात जातात.
इस्पितळातल्या खाटेसाठी नाव लावलंय.
त्याच्या आधी एकोणीस नावं.

पहिल्या रात्री मी टॉर्च तोंडावर मारला.
नियमच आहे, श्वास दिसला पाहिजे.
तो भिंतीला असा चिकटला, की भिंतच मागे सरकेल.
दुसऱ्या रात्रीपासून उजेड छतावर टाकते.
तिथून खाली जेवढा सांडतो
तेवढ्यात रजई वरखाली होताना दिसते.
हे मी कुठे लिहिलेलं नाही.

“डोक्यात फ्रिज घरघरत असतो,” एकदा म्हणाला.
“बंद पडला की जास्त भीती वाटते.”
मी म्हटलं, आमच्याकडचाही तसाच आहे, जुना.
काय बोलावं ते कुणी शिकवलंच नव्हतं.
हात कसा धरून पाडायचं ते दोन दिवस शिकवलं,
बाकीचं एका दुपारी, जेवणानंतर.

जानेवारीत सरोवर गोठलं, बोटींचे भोंगे थांबले.
सव्वातीनला तो दाराच्या काचेशी उभा.
“काय लिहितेस?”
तक्ता काचेला लावून दाखवला.
त्याच्या नावापुढे जागा, जागा, जागा,
पानाच्या तळापर्यंत.
बराच वेळ वाचत होता.
“खोटं आहे,” म्हणाला. “मी जागा नसतो.
मी राखण करतो.”

साडेतीनला पहिल्यांदाच ‘इतर’वर खूण केली.
पुढे लिहिलं: राखण करतो आहे.

सकाळी साहेबांनी तांबड्या शाईने खोडलं.
निरीक्षण लिहा, मत नको.
मी म्हटलं, निरीक्षणच आहे.

खोडलेलंही कागदावर राहतंच.
फेब्रुवारीतल्या सुनावणीत त्याची वकील, सर्दीने बेजार,
पानं चाळता चाळता तिथे अडखळली.
न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला: “कशाची राखण?”
मला वाटलं, झालं. हा कसला बोलतोय.
“दाराची,” तो म्हणाला.
“आई रात्री कामावर असते. बहीण आत झोपते.
तो गॅरेजात राहायचा.”

लगेच कुणी काही विचारलं नाही.
टायपिस्टची बोटंसुद्धा थांबली होती.

बहिणीला त्याच संध्याकाळी मावशीकडे नेलं.
खाटेचं मात्र तसंच; एकोणीसची चौदा झाली.
त्या रात्री तो झोपला, असं लिहायला आवडलं असतं.
नाही झोपला.
पण आडवा होता, बूट काढून.

“तुझ्या सुट्टीला कोण फिरतं?”
वेंडेल.
“तो छतावर मारतो?”
सांगते त्याला, म्हटलं. सांगितलंही.
वेंडेल हसला. मग म्हणाला, बघतो.

एका सोमवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, त्याला नेलं.
कुठे, ते आम्हाला कळवत नाहीत.
सहा नंबरमध्ये आता दुसरा आहे, लहानखुरा, तेरा वर्षांचा.
हा रडतो. त्याला रकाना नाही.
मी सवयीने उजेड छतावर टाकला,
तर रजईतून आवाज आला:
वर नको. माझ्यावर टाक.
कुणी आलंय ते मला कळू दे.