उलटी पट्टी

जुलैत चँडलरला पहाटे पाचलाच यावं लागतं.
आठनंतर गोंद ऐकत नाही,
डबा उघडेपर्यंत साय धरतो,
आणि गुडघ्याखालचं हिरवं प्लास्टिक
तव्यासारखं चटके देतं.

एलिसेओ व्हॅनमधून वाळूच्या गोण्या उतरवतो.
मी पूलच्या कडेला उकिडवी बसते,
फटीत बोटं घालते.
दोन सहज जातात. तिसरंही जाईल.
आत मुंग्यांनी संसार थाटलाय.
क्लोरीनने पांढरी पडलेली टेप,
एक नाणं, एक केसांची पिन,
आणि गंजून वाकलेले खिळे, इतके दूर दूर
की ठोकणाऱ्याला एकतर घाई होती
नाहीतर पाठदुखी.

"कोणी बसवलं होतं हे?"
मार्जी ड्रेस्लर पाण्यातूनच उत्तर देते.
एक्याऐंशी वर्षं, डोक्याला जांभळी टोपी,
रोजच्या वीस फेऱ्यांतली अकरावी.
"लॉइडने. एकट्याने. चार शनिवार लागले.
मदतीला कोणी आलेलं त्याला चालायचं नाही."
आणि वळते, लांब हात टाकत परत जाते.

गवत खोटं असलं तरी त्याला लव असते.
हात फिरवून बघ, मी एलिसेओला सांगते,
इकडून फिरवलास तर मांजर,
तिकडून फिरवलास तर दाढीचे खुंट.
सगळ्या पट्ट्या एकाच बाजूला झुकल्या
की शिवण मिटते,
केस मागे सारले की भांग मिटतो तशी.

तो हात फिरवतो.
पाण्याजवळची पट्टी: मांजर.
भिंतीकडची: खुंट.
माझ्याकडे बघतो.
काय बोलायचं ते मी जुळवत असते.

बारा वर्षं
एक अख्खी पट्टी उलटी.

ती निथळत बाहेर येते, मी सांगते.
ही उचलून नवी टाकायची तर एवढे पैसे.
नाहीतर फट बुजेल, रेघ बुजणार नाही.
चारच्या सुमाराला ऊन तिरपं झालं
की अर्धं अंगण एका छटेने काळं दिसेल.

"दिसतं ना," टॉवेलने कान पुसत ती म्हणते.
"दुसऱ्याच दिवशी दाखवलं होतं मी त्याला.
म्हणाला, सावली आहे.
मग काय, बारा वर्षं सावलीच होती.
रेघ राहू दे. माझा अंगठा अडकायला नको, एवढंच बघा."
आणि मनगटावरचा टाक्यांचा व्रण दाखवते, मे महिन्यातला.

मग आम्ही कामाला लागतो.
दोन्ही कडा तीन टाके आतून कापायच्या,
तिथं कापताना श्वास धरायचा.
नवी टेप. दातेरी पत्र्याने गोंद.
कडा एकमेकींजवळ आणायच्या, पण चढू द्यायच्या नाहीत,
आणि गोंदात अडकलेलं एकेक पातं
टोच्याने सोडवायचं,
बाळाच्या मुठीतून केस सोडवावेत तसं.
खिळे वीतभर अंतरावर, नागमोडी.
वाळू, झाडू, वरून गोण्या.
एकोणीस वर्षांत माझ्या हातून
एकही पट्टी उलटी पडलेली नाही.
या धंद्यात, म्हणतेय मी.

चोवीस तास इकडे पाय नको, मी बजावते.
ती मान डोलावते. नाणं खिशात टाकते.
पिन मात्र उन्हाकडे धरून बराच वेळ बघते.
"ही माझी नाही," म्हणते.
"माझे केस कधीच एवढे नव्हते."
तीही खिशातच टाकते.
ओल्या बोटांनी चेक लिहिते, आकडा जरा फुगतो.

चारला आम्ही गिल्बर्टमध्ये होतो,
दुसऱ्याच कोणाच्या अंगणात.
ऊन तिरपं झालं.
मी घड्याळ बघितलं नाही.
एलिसेओने बघितलं.