जिवाणी

आई अजून नळाला फडकं बांधते, चौपदरी,
आणि फडक्यात उरलेलं
हलक्या हाताने उलटं धुऊन
ज्या पाण्याचं त्या पाण्यात सोडते.
पूर्वी परसातल्या विहिरीत. विहीर बुजवली,
तेव्हापासून चतुर्दशीला तांब्या घेऊन
आयर्विन पुलाखाली.
रिक्षावाला सलगरे विचारतो, आक्का, तांब्यात काय?
ती म्हणते, पावणे.

याला ती जिवाणी म्हणते.
माझ्या पुस्तकात जीवाणू.
फरक वेलांटी-उकाराचा.

त्याच पुलाखालचं पाणी मी बाटलीत भरते,
तारीख टाकते, कॉलेजात नेते.
खोलगट काच, लोंबता थेंब, कडेला व्हॅसलीन.
काही नुसते थरथरतात, ते पाण्याचे धक्के.
काही मात्र जातात:
सरळ, मग गिरकी, मग भलतीकडे सरळ,
नव्या पोस्टमनला गल्ली सापडत नसावी तसे.
शेपूट दिसत नाही.
शेपूट मला माहीत आहे.

कुपवाडला अप्पांच्या दुकानात मोटारी भरायच्या,
तेव्हा तांब्याच्या तारेचं कपाट बंद असायचं.
बेअरिंग बसलं, शाफ्ट न अडखळता फिरला,
की मगच नेमू मिस्त्री किल्ली काढायचा.
"तार महाग आहे, अप्पा. आधी बैठक दाखवा."

इथेही तसंच.
आधी वरून एकच हुकूम सुटतो,
तोही पोटाला चिमटा बसला तर;
घरात साखर असताना परगावी कोण जातं?
मग पडद्यात कडं, कड्याच्या पोटात दार,
दारातून दांडा, दांडा भिंत ओलांडतो तिथे बुश,
आणि बाहेर आकडा, वाकडा, पोकळ,
मापाचा. आतून टेप सोडून
कुणीतरी लांबी बघतं नि म्हणतं, पुरे.

तोवर शेपटाचं पान मिटलेलं.
ते वाचणारा आहे, तयार आहे,
पण त्याला एकाने मिठी मारून धरलंय.
नेमू मिस्त्री. किल्लीसकट.

पुढचं मी एम.एस्सी.ला वाचलं
तेव्हा मेसमधली आमटी समोर गार झाली.
आकडा पुरा झाला की दार आपली सवय बदलतं,
आणि त्या नव्या पोकळीतून
आधी बाहेर काढला जातो तो हाच,
धरून ठेवणारा.
बांधकाम झालं का, बघायला कुणी जात नाही.
हा बाहेर पडू शकला,
एवढाच दाखला.

मग वाचणारा मोकळा. पान उघडतं.
प्रथिनाचे वीसेक हजार कण, घडी मोडून,
सुईतून दोरा जावा तसे आतल्या आत सरकतात
आणि पार टोकाला, टोपीखाली,
पुन्हा घडी घालून बसतात.
केस मुळाशी वाढतो. हे टोकाशी,
जिथे घरचं कुणी पोचत नाही.

(दुकानात हे जमलं नाही.
नेमू मिस्त्री गेला, किल्ली खिळ्याला राहिली,
कपाट सताड उघडं,
आणि दोन वर्षांत शटर खाली.)

थेंब बघून झाला की आमचा नियम:
एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं.
काटा लाल रेघेवर थरथरतो,
मी खिडकीपाशी उभी राहून वही भरते.

काल आईने विचारलं,
बघून झालं की परत सोडतेस ना गं त्यांना?

हो म्हणाले.
आणि हाताला काहीतरी काम हवं म्हणून
नळाचं फडकं सोडून पिळायला घेतलं.
तिने मनगट धरलं.
पिळायचं नसतं, म्हणाली.
उलटं धर नुसतं.
जातील ते
आपले आपण.