मा. ना. श्री.

पहिला दगड कोरला तेव्हा ते नुसते 'श्री.' होते.
शहाबादी फरशी, दीड बाय दोन,
सोरेगावच्या पुढं एका पाझर तलावासाठी.
अक्षराला पंचवीस पैसे, जोडाक्षराला चाळीस.
'रेवणसिद्ध'मधला 'द्ध' मी घाईत 'ध्द' कोरला.
आदल्या रात्री ते दुकानात आले, सायकल भिंतीला टेकवली,
त्या अक्षरावरून बोट फिरवलं, म्हणाले,
"राहू दे नरसप्पा, लोक पाणी बघतील."

त्या साली पाणी आलं.
लोकांनी पाणीच बघितलं.

मग 'श्री.'च्या आधी 'मा.' लागलं,
दोघांच्या मध्ये 'ना.' येऊन बसलं,
आणि रेवणसिद्ध कुंटोजी माझ्या दुकानात यायचे थांबले.
पी.ए. यायचा, खिशात टेप.
मुख्यमंत्र्यांचं नाव साहेबांपेक्षा एक सूत मोठं,
पालकमंत्र्यांचं अर्धं सूत लहान.
सहा मुख्यमंत्री मी त्यांच्या डोक्यावर कोरले.
साहेब त्याच ओळीत, त्याच मापात,
फक्त खाली कंसातलं खातं बदलायचं:
पशुसंवर्धन, पुनर्वसन, पाटबंधारे.

शपथविधी मी कधी टीव्हीवर बघितला नाही.
"छिन्नी थांबव," असा फोन आला
की समजायचं, मुंबईत काहीतरी हललं.
एकदा अर्धा दगड झाला होता. तसाच उलटा केला,
पाठीवर वस्त्रोद्योग कोरला.
पोटाशी पाटबंधारे घेऊन तो अजून भिंतीत आहे.

वस्त्रोद्योग म्हणजे ते साल,
ज्या साली भोंगा वाजायचा थांबला
आणि आमच्या पेठेत बायका
भाकरी टाकायची वेळ घड्याळात बघू लागल्या.
माझा मेव्हणा यल्लादास साच्यावर होता.
दोन वर्षांनी गिरणीच्या जागेवर संकुलाचं भूमिपूजन:
काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, 'यांच्या शुभहस्ते'.
मी कोरला. रोख पैसे घेतले.
यल्लादासला सांगितलं नाही.
त्यानं वाचलं असणार. त्याला वाचता येतं.

कुंभारीच्या रस्त्याला सूतगिरणीचा दगड आहे,
सूतगिरणी नाही.
शेळ्या अंग घासून घासून
'शुभहस्ते' गुळगुळीत झालंय.
धरणाच्या जलवाहिनीचा दगड मात्र खरा ठरला.
ती आली. नळाला पाणी येतं,
पाचव्या दिवशी, पहाटे साडेतीनला.
कुंटोजींना शिव्या देत माणसं बादल्या लावतात
आणि भरून घेतात.

बत्तीस वर्षांनी ते पडले. अकराशे मतांनी.
पुढचा दगड एका वाचनालयाचा.
टेप नाही, पी.ए. नाही, एक पोरगं आलं फोन बघत:
"काका, 'ना.' काढा."
"आणि 'मा.'? माननीय का माजी?"
पोरगं हसलं.
"पुढं टिंब आहे ना. ज्याला जे वाचायचं ते वाचेल."

परवा गड्ड्याच्या दिवसांत, संध्याकाळी,
दुकानासमोर रिक्षा थांबली.
पाळण्यांचा गलका पार इथपर्यंत येत होता.
काठी टेकत उतरले, स्टुलावर बसले, दम घेतला.
"त्या पहिल्या दगडाचे सात रुपये चाळीस पैसे राहिलेत तुझे."
शंभराची नोट पुढं केली.
माझ्याकडं सुट्टे नव्हते. त्यांनी थांबून बघितलं,
मी बाजूच्या पानवाल्याकडून आणून दिले.
बांधकाम खात्याकडं अकरा दगडांची बिलं अडकलीत,
ती त्यांनाही माहीत, मलाही.
त्यावर कुणीच बोललं नाही.

"तो दगड आहे का अजून?"
"आहे साहेब. तलाव गाळानं भरला.
दगड एकानं न्हाणीत बसवलाय, तोंड वर करून."
"पाणी पडतं म्हणजे."
"रोज."

मशीनखाली नव्या आमदाराचा दगड तयार होता.
माझा मुलगा आता कॉम्प्युटरवर अक्षरं पाडतो.
उठताना त्यांनी त्यावरून बोट फिरवलं,
सावकाश, आंधळ्यासारखं,
एका जागी थांबले.
"'शुभारंभ'वर अनुस्वार नाही."

मी चष्मा लावून बघितलं.
खरंच नव्हता.