घर क्रमांक १७

समीक्षक क्रमांक दोन लिहितात:
तक्ता तीन, ओळ सतरा.
चौदा मेपासून नऊ रात्री
हे घर इतरांपेक्षा चार अंशांनी थंड कसं?
उपकरण बिघडलं असावं.
कारण द्यावं, नाहीतर ओळ वगळावी.

नाव नसलेल्या या माणसाची भाषा फार स्वच्छ आहे.
तो राहतो त्या गावी
मे महिन्यात पांघरूण लागतं का, कळायला मार्ग नाही.

पाचपावलीच्या मागच्या वस्तीत
तीस घरांच्या टिनांखाली मी तीस डब्या टांगल्या होत्या.
डबीत बोटभर यंत्र,
दर पंधरा मिनिटांनी एक आकडा.
पारा शेहेचाळीसवर,
कूलरच्या टाकीतलं पाणी चहाइतकं गरम.
सतरा नंबरात दुर्पताबाई मेश्राम.

पुन्हा गेले, स्कूटीवर, तोंडाला दुपट्टा गुंडाळून.
डबी उघडून पाहिली. यंत्र ठणठणीत.
"त्या दिवसांत काही वेगळं केलं होतं का?"
"काय करतो माय. पोरगी बाळंत झाली होती नं.
पोते वले करून टाकत होतो टिनावर, रातभर.
दोन वाजता येक खेप, चार वाजता येक.
नळ येते तीन दिसाआड,
मंग आमी आंघोळीच सोडल्या."

रात्री उत्तर लिहायला बसले.
शोधनिबंधात 'मी' चालत नाही.
तिथं मोजलं जातं, आढळून येतं,
पोतीसुद्धा आपली आपण भिजतात.
लिहिलं: घर १७ मध्ये छतावर ओली आच्छादने वापरण्यात आली.
पाण्याचे प्रमाण: अज्ञात.
कोणी, कोणासाठी, किती वाजता उठून
हे मावत नव्हतं.
सहा हजार शब्द, संदर्भ धरून.

वासनिक सर म्हणाले, काढून टाक ना ती ओळ.
आलेख कसा सरळ येईल बघ.
दोनदा परत आलाय,
आणि तुझी फेलोशिप सप्टेंबरात संपते.
खोटं नव्हतं त्यात काही.
मी ओळ ठेवली, सरासरीतून काढली.
सतराच्या डोक्यावर एक चांदणी दिली
आणि पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत,
चांदणीचा अर्थ: विश्लेषणातून वगळले.

डिसेंबरात छापून आला.
प्रत घेऊन गेले.
दुर्पताबाईंनी पदराला हात पुसून कागद घेतला.
मांडीवर नातू, सात महिन्यांचा,
हाताला लागेल ते तोंडात घालणारा.
"यात आमचं घर कोनतं?"
मी सतरावर बोट ठेवलं.
"आन हे चांदणी? बाकी कोनाले त नाही दिसत."
"नाही," मी म्हणाले.
"तुम्हालाच आहे फक्त."

त्यांनी शेजारणीला हाक मारली,
कागद उंच धरून दाखवायला.
पण पोराच्या मुठीतून तो सुटेना,
आणि तळाची टीप तोवर
पुरती ओली झाली होती.