तड

आज तीस नोव्हेंबर. पूल एप्रिलअखेर व्हायचा होता.
खानापूरच्या पुढं, मलप्रभेच्या काठी,
पत्र्याच्या ऑफिसात मी मुदतवाढीचा अर्ज करतेय.
दोनशे चौदा दिवस. त्यातले कुणाचे किती.

परशराम मुतगेकरच्या रजिस्टरवर चहाचे गोल डाग,
अक्षर मात्र दगडात कोरल्यागत.
'जमीन ताब्यात नाही. थांबलो.'
'विजेचा खांब हलवला नाही. थांबलो.'
'नकाशा आला नाही. थांबलो.'
'गावची यात्रा. काम बंद. आम्ही पण प्रसादाला गेलो.'

करारात या सगळ्याला शब्द एकच.
आपल्याकडं किती तरी:
उशीर होतो, त्याला कर्ता नसतो.
विलंब लागतो, सहीला, शिक्क्याला.
दिरंगाई कुणीतरी करतं,
आणि खोळंबा आपला होतो, दुसऱ्याच्या पायी.
माझी नोकरी एवढीच,
उशिराला कर्ता शोधून द्यायचा.

पावसानं नुसतं पडून भागत नाही.
तीस वर्षांच्या सरासरीहून जास्त पडल्याचा दाखला लागतो.
या जुलैत तो सरासरीइतकाच पडला.
गोदामातल्या सिमेंटला हे कुणी सांगितलं नव्हतं.

कठड्याचं काम चाळीस दिवस मागं पडलं,
पुलाला त्याचं काही नाही.
तिसरा खांब एक दिवस अडला
की अख्खा पूल एक दिवस अडतो.
प्रत्येक घरात असं एक माणूस असतं.

तिसऱ्या खांबाचा नकाशा खात्याकडून
अडतीस दिवस उशिरा आला.
अडतीस दिवस, खर्चासकट मागता येतील.
फक्त पान सत्तेचाळीसवर परशरामानं लिहिलंय:
'क्रेनचा गिअरबॉक्स गेला. दादापीर घेऊन कोल्हापूरला.
नकाशा आला असता तरी उचलणार कशानं?'
शेवटची ओळ त्याला कुणी मागितली नव्हती.

तारखांवर तारखा ठेवून बघते.
एकोणतीस दिवस दोघांचेही.
दोघांचा उशीर एकावर एक पडला
की मुदत मिळते, पैसे मिळत नाहीत.

चौगुले अण्णांचा फोन.
'ते पान राहू दे की गं. कोण बघालंय एवढं?'
मी होय म्हटलं नाही.
नाही पण म्हटलं नाही.
तेवढा विलंब माझा.

दुपारी खात्याचे कडकोळ साहेब येऊन गेले.
खुर्ची झटकून बसले, नदीकडं बघत म्हणाले,
'नक्शा तड आतु नोडरी.'
त्यांच्यात तड म्हणजे उशीर.
माझ्या आईच्या तोंडी तड म्हणजे काठ,
तडीला लागणं म्हणजे एकदाचं पोचणं.
ते उशीर म्हणाले,
मला काठ ऐकू आला,
आणि क्षणभर वाटलं, झालाच की पूल.
'लिहून द्याल का साहेब, एवढंच वाक्य?'
ते हसले. बशीतला चहा संपवला.
जीप सुरू व्हायला मात्र वेळ लागला.

साडेदहा वाजले. बाहेर तिसऱ्या खांबाच्या डोक्यावर
सळ्या उघड्याच, एका सळीवर कुणाचा तरी
वाळत घातलेला टॉवेल.
पलीकडच्या वाडीत एक दिवा. त्यांनी
कुठल्या रजिस्टरात लिहायचं, मला माहीत नाही,
करारात त्यांची सही नाही.

पान सत्तेचाळीस जोडलं. परिशिष्ट ड.
एकोणतीस दिवस, दोघांचे, बिनपैशाचे.
अण्णांना सकाळी सांगेन.

रजिस्टर मिटताना आजचं पान दिसलं.
परशरामानं जाताना, संध्याकाळीच, लिहून ठेवलेलं:
'काम चालू. मॅडम थांबल्या.'