हाफ प्लेट

प्रतापनगर चौकातून आत वळलं की
क्लासेसच्या तीन मजली पाटीखाली
एक निळी हातगाडी.
पाटीवर खडूनं: पास्ता, ताजा. हाफ चाळीस, फुल सत्तर.
‘ताजा’खाली दोन रेघा.

मी विमा विकतो.
लोकांच्या मरणाचा हिशोब हसत हसत मांडतो.
पोरगी साडेआठला सुटते, मी आठलाच येतो,
स्कूटर स्टँडवर, हेल्मेट कोपरात,
हातात अर्धा किलो भेंडी.

पहिले तीन आठवडे नुसतं पाह्यलं.
रितेश हेडाऊ, केसांवर जाळी,
पुण्यात कुठल्याशा मोठ्या हॉटेलात होता म्हणे.
उकळत्या पातेल्यात मूठभर मीठ टाकतो.
पाण्याला समुद्राची चव पाहिजे, म्हणतो.
आता नागपुरात
समुद्र कोणत्याही दिशेनं सारखाच लांब.
तरी टाकतो.
टमाटे तिथंच चिरतो, लसूण तिथंच ठेचतो,
वरून भिवापुरी मिरची,
आणि अख्खी गल्ली एकदम शिंकते.

मागे प्लास्टिकच्या स्टुलावर त्याचे वडील.
तांडापेठेतले. चाळीस वर्षं मागावर.
माग गेला लाकडाच्या भावानं.
रितेश चिमट्यानं एक लांब तार उचलतो,
फुंकर घालतो, म्हाताऱ्याच्या हातात देतो.
म्हातारा ती अंगठा अन् बोटात धरतो,
जरासा पीळ देतो, ताणतो,
सूत पाहावं तसं.
‘अजून कच्चाच हाये. अर्धा मिनिट.’
चाखत नाही कधी.
दाताले काय समजते, म्हणतो.

चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी मी म्हणालो, हाफ दे.

‘चीज कमी, मिरची जास्त, वरून कच्चा कांदा?’

कांदा काऊन?

‘तुमची पोट्टी असाच खाते ना.
चेहरा सेम हाये, म्हणून म्हटलं.
मंगळवार-शुक्रवार येते. साडेसातले.
तुम्ही यायच्या आधी वर जाते.’

साडेसात. म्हणजे फिजिक्स.

म्हाताऱ्यानं रितेशकडे पाह्यलं,
भरल्या मागावर धागा तुटल्यावर पाहावं तसं.
रितेश कढई हलवत राह्यला,
हलवायचं काही उरलं नव्हतं तरी.

माझी पोरगी.
घरी पोह्यातला कांदा एकेक वेचून
ताटाच्या काठावर मांडते.

मी अनोळखी माणसाला तीस प्रश्न विचारतो रोज.
घरात कोणाला शुगर? ऑपरेशन? तंबाखू?
इथं एकच सुचला, तोही उशिरा:
करते काय ती इथं बसून?

‘काही नाही,’ म्हातारा म्हणाला.
‘माग काढून दाखवा म्हणते, वहीवर.
मले काढता येत नाही. मी सांगतो, ती काढते.
परवा फणी उलटी काढली होती.
खोडायले लावली.’

प्लेट आली. गरम.
कांदा होता. मी नको म्हणालो नव्हतो.
पहिला घास टाळूला चटका देऊन गेला,
मग लसूण, मग ती आंबट-गोड आग,
आणि मधेच कांदा, करकरीत,
कोणी कान धरून सांगावं तसा.
चाळीस रुपयांत मी गप्प बसून
पोरीच्या आवडीचं जेवलो.

साडेआठला जिना भरभरून उतरला.
तिनं आधी गाडीकडे पाह्यलं, मग माझ्याकडे,
मग माझ्या शर्टावरच्या लाल ठिपक्याकडे.

कसं झालं फिजिक्स?
बरं.
काय शिकवलं?

ती जरा थांबली.
मागे स्टुलावर म्हातारा
दोन बोटांत तार धरून बसलेला, तोंड पलीकडे.

‘दोरीतला ताण,’ ती म्हणाली.

मी स्कूटर काढली. ती मागे बसली.
दोघांच्याही तोंडाला लसणाचा वास,
म्हणून अख्ख्या रस्ताभर
कोणी कोणाकडे वळून बोललं नाही.

घरी आल्यावर बायको म्हणाली, भेंडी?
भेंडी गाडीवरच राह्यली होती.