वीतभर

टल्सातल्या या घरामागे
ती आमच्या आधीपासून राहते.
दुकानातला माणूस म्हणाला, बर्म्युडा.
मी गुडघे टेकून पाहिलं:
शेंड्याला तीन पाती, पेरापेराला मूळ.
अगं, तू तर हरळी!

शेजारच्या ओलीटाबाई, वय एक्याऐंशी,
कुंपणावर कोपर टेकून सांगतात:
उपटू नकोस, चेव येतो तिला.
औषध मारू नकोस, माझी मांजरं फिरतात.
तिचा उजेड काढून घे.

मग गॅरेजमधली खोकी ओढली.
डेटनहून ओमाहा, ओमाहाहून इथे,
दोनदा हललेलं घर, काही खोकी दोन्हीदा न उघडलेली.
चिकटपट्ट्या सोलल्या, पिना उपसल्या,
एक नखात गेली.
'काच, सांभाळून'
'सुधन्वाची पुस्तकं'
'काय आहे माहीत नाही'
सगळं माझंच अक्षर, मार्करचं.
मजकूर मातीकडे करून पुठ्ठे अंथरले,
एकावर एक वीतभर चढवून.
ओलीटाबाईंची वीत मोठी. माझी आखूड.

पाइप सोडला, भिजल्या गोधडीइतके जड होईतो.
भोवती फळ्यांची चौकट.
मग गळलेली पानं, कॉफीचा चोथा, पेंढा,
पोत्यातलं शेणखत
(त्याला वासच नाही. शेणाला वास नाही,
हे मला अजून पचलेलं नाही)
आणि वर विकतची काळी माती.

रात्री पडल्या पडल्या वाटायचं,
खाली अंधारात ती
माझं अक्षर वाचत असेल.
काच. सांभाळून.

जुलैत भेंडी खांद्याला लागली.
भाद्रपदात सुधन्वा म्हणाला,
मूर्ती डॅलसहून येतेय, दूर्वांचं काय करायचं?
मी बॅटरी घेऊन वाफ्याशी गेले.
ईशान्येच्या कोपऱ्यात, जिथे माझी वीत
कमी पडली होती नेमकी तिथे,
फटीतून, फिकट, लांब मानेच्या,
उजेड शोधून दमलेल्या.
मोजल्या. एकोणीस.

दोन हव्यात, म्हणून सकाळी
ओलीटाबाईंकडे गेले.
कशाला? देवाला?
ही? देवाला?
त्या इतक्या हसल्या की मांजर पळालं.
मग म्हणाल्या, ने बाई, सगळीच ने,
मुळासकट ने.

मी शेंडे तेवढे खुडले.